विकायच्या फ्लॅटला रंग कोणता? आधी फरशीकडे बघा

तुम्ही सांगितलंय त्यातलं मुद्द्याचं तेवढं आधी मांडतो. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, कार्पेट साधारण साडेसहाशे चौरस फूट, इमारत १९९९ सालची. हॉलची एक भिंत गडद केशरी, मुलांच्या खोलीत जांभळा रंग आणि छताला अंधारात चमकणारे तारे, मागच्या बेडरूममध्ये खिडकीखाली ओलीचा डाग. फरशी नंतर बदललेली, हस्तिदंती व्हिट्रिफाइड. दारं सागवानी पॉलिशची. दसऱ्यानंतर फ्लॅट दाखवायला काढायचाय. एजंट म्हणतो सगळं पांढरं मारून टाका, भाची म्हणते हल्ली ग्रे चालतो, आणि तुम्हाला एक शेड नंबर हवाय.

नंबर मी देणार नाही. तोच नंबर उत्तरेच्या बेडरूममध्ये एक दिसतो आणि पश्चिमेच्या हॉलमध्ये दुसराच, आणि तुमच्या फरशीशेजारी तो काय दिसेल हे फरशी बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण नंबर कसा निवडायचा ते सांगतो. पुण्यात रंगकामाची कंत्राटं घेतो, त्यातली निम्मी तरी रीसेलच्या फ्लॅटची असतात.

फ्लॅट बघायला आलेलं माणूस दारातून आत पाऊल टाकल्यापासून मनात एक हिशोब मांडत असतं: इथलं काय काय मला काढून टाकावं लागेल? केशरी भिंत दिसली की त्याचे पैसे वजा. जांभळी खोली दिसली, आणखी वजा. आणि हे वजा करताना कुणीही खरा खर्च धरत नाही, अंदाजाने चांगला फुगवून धरतं. रंग दिल्याने फ्लॅटचा भाव वाढतो असं मी कधीच म्हणत नाही. भाव रस्ता, मजला, लिफ्ट, पार्किंग आणि सोसायटीची कागदपत्रं ठरवतात. रंग एवढंच करतो की घासाघीस करायला समोरच्याच्या हातात मुद्दा उरत नाही. म्हणून विकायच्या घराला असा रंग हवा की माणूस बाहेर पडल्यावर त्याला भिंती आठवूच नयेत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा कुठवर आलीय? १९९९ची इमारत म्हणजे कोथरूडमध्ये हा प्रश्न निघणारच. सभेत ठराव झाला असेल, बिल्डरांच्या ऑफर मागवल्या असतील, तर येणारा खरेदीदार तुमच्या भिंती घेत नाहीये, तो नव्या इमारतीतला हक्क घेतोय. मग घर झाडून-पुसून दाखवा आणि रंगाचे पैसे वाचवा. घरात भाडेकरू असेल तर सामान हलवून पूर्ण काम होत नाही, तेव्हा छत आणि हॉल एवढंच करून घ्यावं. आणि स्वयंपाकघर, बाथरूम इतकी जुनी असतील की कुणीही घेतलं तरी तोडफोड करणारच, तर महागडा रंग लावणं म्हणजे पुढच्या माणसाने खरवडून टाकावा म्हणून पैसे घालणं. तुमचा फ्लॅट यातल्या कशातच बसत नाही असं धरून पुढचं सांगतो: राहण्यासारखा आहे, फरशी बरी आहे, घेणारा थेट राहायला येऊ शकतो.

फरशीपासून सुरुवात करायची, कारण या घरातली बदलायला सगळ्यात अवघड वस्तू तीच. दारं पॉलिश करता येतात, दिवे बदलता येतात, फरशी मात्र पुढचा मालक बदलेपर्यंत तशीच राहणार. भिंतीचा रंग फरशीला उठाव देतो किंवा तिला मळकी करून सोडतो.

हे बघायची सोपी युक्ती आहे. झेरॉक्सचा एक पांढरा कोरा कागद घ्या, फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, आणि दिवसाउजेडी, दिवे बंद ठेवून तो कागद फरशीवर ठेवा. एरवी ‘क्रीम’ वाटणारी फरशी कागदाशेजारी आपला खरा रंग दाखवते. बऱ्याच हस्तिदंती फरशा गुलाबीकडे झुकलेल्या निघतात, काही पिवळसर, काही चक्क हिरवट. हा झुकाव कळला की अर्धी शेडकार्डं बाद होतात. गुलाबीकडे झुकलेल्या फरशीवर हिरवट क्रीम भिंत आली की दोघंही आजारी दिसतात. पिवळसर फरशीवर थंड निळसर पांढरा लावलात तर फरशी कित्येक वर्षांत घासलीच नाही अशी वाटते. एजंटने सांगितलेल्या ‘सगळं पांढरं’ला माझा विरोध आहे तो यासाठीच. कोरी करकरीत पांढरी भिंत तुमच्या हस्तिदंती फरशीला मळकं ठरवेल, आणि दोष कोणाचा ते बघणाऱ्याला कळणारही नाही. तो म्हणेल, फरशी बदलायला लागेल. झाले लाखभर वजा.

भाचीच्या ग्रेबद्दलही सांगतो. ग्रे वाईट नाही. राखाडी फरशी, पांढरं लॅमिनेट, काळ्या चौकटीच्या मोठ्या खिडक्या अशा नव्या टॉवरमध्ये तो शोभतो. सागवानी पॉलिशची दारं आणि हस्तिदंती फरशी यांच्यात तो उपरा दिसतो. त्यात मोबाइलवर काढलेल्या फोटोत, ढगाळ दिवस असेल तर, फिकट ग्रे भिंत रंग न दिलेल्या सिमेंटसारखी येते. आणि आजकाल घर आधी फोटोत बघितलं जातं, मग प्रत्यक्षात.

आता उजेड. तुम्ही दसऱ्यानंतर दाखवणार म्हणताय, हे महत्त्वाचं आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येत नाही. फक्त आकाशाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. अशा खोलीत ग्रे आणखी थंड पडतो आणि साधा ऑफ-व्हाइटही उदास वाटू शकतो. तिथे थोडा पिवळा-तपकिरी अंश असलेला रंगच चालतो. पश्चिमेच्या हॉलमध्ये उलटं होतं. संध्याकाळी पाच वाजता, नेमकी जेव्हा माणसं ऑफिस सुटून घरं बघायला येतात तेव्हा, उन्हाने सगळं सोनेरी होतं. तिथे मुळातच पिवळट क्रीम लावलं की भिंत लोण्यासारखी दिसायला लागते. समोर झाड असेल तर हिरवी झाक येते, समोरची इमारत विटकरी असेल तर ती झाक येते. त्यामुळे एकाच घरात एकच रंग ठेवायचा असेल, आणि साडेसहाशे फुटांत तो एकच ठेवावा असं माझं ठाम मत आहे, तर जास्त पिवळाही नको, जास्त थंडही नको, मधला हवा.

दिव्यांकडे सहसा कुणी बघत नाही. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनच्या एलईडी ट्यूब असतात (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तर उजेड पिवळा, मोठा तर निळसर पांढरा). खोक्यावर ‘कूल डे लाइट’ असं छापलेलं असतं तेच. त्या उजेडात क्रीम रंग हिरवट आणि शिळा दिसतो, पांढरा रंग दवाखान्यातला वाटतो. ३००० केल्विनच्या दिव्यात सगळंच पिवळं. मी रीसेलच्या घरात सगळीकडे ४००० केल्विनचे दिवे लावायला सांगतो. एका खोलीत पांढरा आणि शेजारी पिवळा दिवा असेल तर फोटोत दोन्ही खोल्यांचा रंग वेगळा येतो, आणि एकच रंग दिल्याचा फायदा तिथेच संपतो. सगळ्या घराचे दिवे बदलायला रंगाच्या मानाने फारच किरकोळ खर्च येतो.

शेड निवडताना शेडकार्डावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर एलआरव्ही नावाचा आकडा शोधा. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड परत खोलीत येतो, त्याचं ते माप: काळ्याला शून्याच्या जवळ, शुभ्र पांढऱ्याला शंभराच्या जवळ. विकायच्या घराला मी ७२ ते ८०च्या दरम्यानचा रंग बघतो. त्याच्या वर गेलं की बोटांचे ठसे आणि भिंतीचे चढउतार डोळ्यांत भरतात. साठीच्या घरात आलं की खोली लहान वाटायला लागते, विशेषतः मधला पॅसेज, जिथे खिडकीच नसते.

तीन शेड काढा, जास्त नको. त्यांचे सगळ्यात छोटे डबे घ्या आणि भिंतीवर चौकोन रंगवू नका. केशरी भिंतीवर कोणताही क्रीम चौकोन पांढराफटक दिसतो, डोळा तिथे फसतोच. जाड कार्डशीटचे मोठे तुकडे घ्या, त्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. हे रंग ओले असताना फिके दिसतात आणि वाळल्यावर थोडे गडद होतात. मग तो तुकडा खाली फरशीला टेकवून, दाराच्या चौकटीशेजारी, उभा ठेवा. आडवा ठेवून बघू नका, उभ्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो. सकाळी, संध्याकाळी पाचला आणि रात्री दिवे लावून बघा. जो तुकडा तिन्ही वेळेला लक्ष वेधून घेत नाही तो तुमचा रंग. तुम्ही वर्णन केलेली फरशी आणि दारं डोळ्यांसमोर आणली तर माझा अंदाज असा की किंचित तपकिरी झाक असलेल्या उबदार ऑफ-व्हाइटवर तुम्ही येऊन थांबाल. छत मात्र पांढरंच, बिनचकाकीचं. नाहीतर क्रीम भिंतींवर क्रीम छत आलं की खोलीची उंची कमी वाटते.

वास्तूचा विचार करणारे खरेदीदार येतात, येऊ द्या. फिकट उबदार रंगावर आजवर कुणी आक्षेप घेतलेला मी पाहिलेला नाही. केशरी-जांभळ्यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं शास्त्र असतं.

रंगापेक्षा भिंत तयार करण्यात जास्त जीव लागतो, आणि विक्रीच्या घाईत नेमकं तेच कापलं जातं. राहत्या मराठी घरात काही डाग ठरलेले असतात. दिवाणाच्या मागे, माणूस टेकून बसल्यावर डोकं जिथे लागतं तिथे तेलाचा गोल डाग. देवघराच्या वर निरांजनाची आणि उदबत्तीची काजळी, शेजारी कुंकवाची बोटं. स्वयंपाकघरात टाइल संपते त्याच्या वर फोडणीच्या वाफेचा चिकट पिवळा थर. यांच्यावर सरळ रंग मारला तर दुसऱ्या हातानंतर सगळं छान दिसतं आणि महिन्याभरात तेलाचा गोल पुन्हा वर येतो. पाण्यातला रंग तेलाला धरत नाही, साधं कारण आहे. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात टाकून घासायचं, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसायचं, वाळल्यावर त्या जागेपुरता तेलातला प्रायमर मारायचा आणि मग बाकीच्या भिंतीबरोबर घ्यायचं. कारागीर याचा कंटाळा करतात, त्यामुळे स्वतः उभं राहून करून घ्या.

दुसरं, भिंतीवर जोरात तळहात फिरवून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर खाली जुना डिस्टेंपर (खडूसारखा स्वस्तातला रंग) आहे आणि तो सुटत चाललाय. त्यावर प्लास्टिक पेंट चढवला तर पापुद्रे निघतात. तिथे खरवडणं आलं, मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. केशरी आणि जांभळ्या भिंतींना प्रायमरचा पूर्ण हात हवाच, नाहीतर ऑफ-व्हाइटचे तीन-चार हात मारूनही खालून रंग डोकावत राहतो. छताचे तारे उपटू नका. हेअर ड्रायरने गरम करून काढा, नाहीतर प्रत्येक ताऱ्याबरोबर पुट्टीची टिकली निघून येईल.

आता खिडकीखालची ओल. इथे मी थोडा कडक बोलतो. तो डाग रंगाखाली झाकायचा विचार मनात असेल तर काढून टाका. एक तर झाकला जात नाही. पावसात नाही तरी दोन-तीन महिन्यांत फुगे येतात, आणि व्यवहार लांबला तर ते खरेदीदाराच्या दुसऱ्या भेटीत येतात. शिवाय जुने जाणते लोक ताज्या रंगाचा वास आला की मुद्दाम खिडकीखाली आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून बघतात. आणि कायदाही आहे: मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न कळणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. रंगाखाली लपवलेली ओल नेमकी त्यात बसते.

पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. बाहेरच्या भिंतीची भेग असेल किंवा खिडकीचा बाहेरचा उतार आत झुकला असेल तर काम बाहेरून व्हायला हवं. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते, तेव्हा सेक्रेटरीला आजच लेखी अर्ज द्या. वरच्या बाथरूममधून येत असेल तर तो वरच्या सभासदाचा विषय. मूळ बंद झालं की आतली पुट्टी विटांपर्यंत किंवा प्लास्टरपर्यंत खरवडा आणि ती जागा उघडी ठेवा. वाळलीय की नाही हे कसं कळणार? फूटभर चौरस प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने त्या जागी घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला दव जमलं असेल तर अजून थांबा. कोरडं असेल तर व्हाइट सिमेंटची पुट्टी भरा. पीओपी तिथे वापरू देऊ नका, ओलीत ते टिकत नाही. दुरुस्तीची बिलं आणि आधीचे फोटो जपून ठेवा. ओल होती, हे केलं, ही बिलं, असं सांगणाऱ्या मालकावर लोक विश्वास ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

रंग कोणत्या दर्जाचा? महागातला चकाकणारा नको. खिडकीतून तिरका उजेड पडला की चकाकीत तुमच्या जुन्या प्लास्टरच्या लाटा दिसतात. मधल्या दर्जाचा, मॅट म्हणजे बिनचकाकीच्या फिनिशचा इमल्शन (ज्याला आपण प्लास्टिक पेंट म्हणतो तो) पुरे. कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा चालेल, फक्त सगळा रंग एकाच दुकानातून एकाच वेळी मशीनवर करून घ्या. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बनवायला सांगू नका, जवळपास जुळतो पण तंतोतंत जुळत नाही. हिशोब असा: कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट भिंती आणि छत मिळून धरायचं, म्हणजे तुमच्याकडे एकवीसशे चौरस फुटांच्या आसपास. छत वजा केलं की भिंती साडेचौदाशे. तयार भिंतीवर दोन हातांना एका लिटरमध्ये १२० ते १४० चौरस फूट होतात. म्हणजे अकरा-बारा लिटर. दहाची बादली आणि चारचा डबा घ्या, दोन्ही मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात करू द्या. कुणी वीस-पंचवीस लिटर सांगत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. खर्चात निम्म्याहून जास्त मजुरीच असते, त्यामुळे डब्यामागे चार पैसे वाचवण्यापेक्षा पुट्टी-घासकाम नीट होतंय का याकडे बघा.

वेळेचं गणित तुम्हाला थोडं अवघड जाणार आहे. पुण्यातून पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो, तोवर हवेत दमटपणा असतो आणि ओल वाळायला वेळ लागतो. दसरा ते दिवाळी सगळं शहर रंग काढतं, तेव्हा चांगला कारागीर मिळत नाही आणि मिळाला तर दोन घरं एकदम चालवतो. पितृपक्षात बरेच जण घरात काम काढत नाहीत, त्या पंधरवड्यात माणसं मोकळी असतात. तुमची हरकत नसेल तर छत, हॉल आणि मुलांची खोली तेव्हाच उरकून घ्या. पितृपक्षात तसंही कुणी टोकन द्यायला येत नाही. मागची बेडरूम शेवटी ठेवा, आणि ती वाळली नसेल तर दाखवायचा मुहूर्त पुढे ढकला, भिंतीवर घाई करू नका. रंगकाम संपल्यावर आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा. ग्रिल आणि दारांच्या चौकटींना ऑइल पेंट द्यायचा असेल तर तो भिंतींच्या आधी संपवा, त्याचा वास जास्त दिवस रेंगाळतो.

उरलेला दोन-तीन लिटर रंग कारागिराला नेऊ देऊ नका. झाकणावर शेडचा कोड आणि तारीख लिहून डबा घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवा. दाखवण्याच्या दोन-तीन महिन्यांत कपाट हलवताना, कुणाची बॅग घासून, ओरखडा पडणारच. मॅट रंगावर छोट्या ब्रशने दिलेला टचअप सहसा कळत नाही; चकाकीच्या रंगावर तो लांबूनही ठिगळ दिसतो.